छायाचित्रमुद्रणातील विभेदन

अंकीय छायाचित्र कागदावर किंवा अन्य पृष्ठावर छापताना छापील प्रतीच्या एका इंच लांबीत चित्राचे जितके बिंदू मांडले जातात, त्या संख्येस मुद्रणाचे विभेदन म्हणतात. व्यवहारात विभेदनास रेझोल्यूशन व चित्रबिंदूस पिक्सेल हेच शब्द रूढ आहेत. विभेदन हा संगणकातील चित्राचा अंगभूत गुण नव्हे. उपलब्ध चित्रबिंदू आणि छापील प्रतीचा आकार यांचे ते गुणोत्तर होय. योग्य विभेदन किती, हे प्रत किती अंतरावरून पाहिली जाणार आहे यावर अवलंबून असते. या दोन गोष्टी ध्यानात न घेतल्याने छायाचित्र छापून घेणाऱ्याची वारंवार निराशा होते.

उदा., १ कोटी २० लक्ष चित्रबिंदूंच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात रुंदीच्या बाजूस ४,००० व उंचीच्या बाजूस ३,००० बिंदू असतात. ते २० × १५ इंच आकारात छापल्यास विभेदन प्रती इंच २०० होते, तर ८ × ६ इंच आकारात तेच ५०० होते. चित्राच्या संचिकेत ७२ किंवा ३०० असा एक आकडा नोंदलेला असतो. हा आकडा म्हणजे केवळ छपाईच्या आकाराविषयीची सूचना असून तो बदलल्याने चित्रात एकाही बिंदूची भर पडत नाही. तरीही ‘फोटो ३०० चा करून आणा’ असे छापखान्यात सांगितले जाते आणि ग्राहक केवळ तो आकडा बदलून चित्र परत आणतो. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : लांबी व रुंदी यांत बिंदू किती आणि प्रत किती इंचांची हवी?

प्रती इंच ३०० या प्रमाणास दोन आधार आहेत. पहिला आधार दृष्टीचा. निरोगी डोळ्यास सु. १ मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोनाइतके अंतर असलेले दोन बिंदू कसेबसे वेगळे दिसतात. हातात धरलेले छायाचित्र डोळ्यांपासून सु. ३० सेंमी. दूर असते व तेथे हा कोन ०·०८७ मिमी. अंतराएवढा, म्हणजे इंचात सु. २९० बिंदूंएवढा भरतो. दुसरा आधार छपाईच्या इतिहासातील आहे. छपाईची शाई एकतर कागदावर उमटते किंवा उमटत नाही. फिकट काळा रंग तिला ठाऊक नाही. म्हणून छायाचित्रातील छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फोडाव्या लागतात. या हाफटोन पद्धतीत १८९० च्या सुमारास अमेरिकेत काचेवरील आडव्या-उभ्या रेषांची जाळी तयार झाल्यावर छायाचित्रांचे ब्लॉक सर्वत्र होऊ लागले. महाराष्ट्रात या कलेशी धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव निगडित आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते रविवर्मा छापखान्यासाठी काम करीत. पनवेलहून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळा येथे त्यांनी १९०८ च्या सुमारास ब्लॉक तयार करण्याचा व छपाईचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी ते जर्मनीस गेले. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचास १५० रेषांची, तर वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर ८५ किंवा त्याहूनही विरळ जाळी वापरतात. जाळीच्या रेषांच्या दुप्पट चित्रबिंदू असावेत, या संकेताने आर्ट पेपरसाठी ३०० व वृत्तपत्रासाठी १७० हे आकडे येतात. प्रत्यक्षात दीडपटीनेही काम भागते. दुप्पट हा सावध कारागिराचा हिशेब आहे.

पाहण्याचे अंतर वाढले की बिंदूंची गरज त्याच प्रमाणात घटते. अंतराच्या सेंटीमीटरांनी ८,७०० या संख्येस भागले असता प्रती इंच आवश्यक बिंदू ढोबळमानाने मिळतात : १ मी. अंतरास ८७, ३ मीटरांस २९, ३० मीटरांस केवळ ३. पनवेलजवळ कळंबोली येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि पनवेलहूनच गोव्याचा महामार्ग फुटतो. अशा रस्त्यांच्या कडेला उभारलेला ४० × २० फूट आकाराचा फलक प्रती इंच १० बिंदूंनी छापला, तरी वाहनातून जाणाऱ्यास त्यात उणीव भासत नाही. या फलकास ४,८०० × २,४०० म्हणजे सु. १ कोटी १५ लक्ष बिंदू लागतात. उलट, हातात घेऊन पाहावयाच्या १८ × १२ इंचांच्या अल्बमच्या पानास ५,४०० × ३,६०० म्हणजे सु. १ कोटी ९४ लक्ष बिंदू हवेत. चाळीस फुटी फलकास पुरणारे चित्र दीड फुटी पानास अपुरे पडते, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटले तरी हिशेबास धरून आहे. मात्र तोच फलक चौकात उभे राहून वाचला जाणार असेल, तर ३० ते ४० बिंदू घेणे बरे.

मुद्रणयंत्राच्या जाहिरातीतील १,४४० किंवा २,८८० हे आकडे शाईच्या थेंबांचे असतात. एका चित्रबिंदूची छटा साधण्यास असे अनेक थेंब खर्ची पडतात, म्हणून त्यांची चित्रबिंदूंशी गल्लत करू नये.

चित्र कातरले की बिंदू जातात. पनवेलपासून सु. १२ किमी. वरील कर्नाळा येथे १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथे उंच फांदीवरील स्वर्गीय नर्तकाचे ६,००० × ४,००० बिंदूंचे छायाचित्र घेतले आणि चौकटीच्या रुंदीचा व उंचीचा पाचवा हिस्साच कातरून ठेवला, तर १,२०० × ८०० बिंदू उरतात. २ कोटी ४० लक्ष बिंदूंचा कॅमेरा असूनही पंचविसावा भाग तेवढा हाती राहतो आणि ३०० च्या हिशेबाने ४ इंच रुंदीची प्रत निघते. मोठ्या प्रतीसाठी लांब पल्ल्याचे भिंग अथवा पक्ष्याच्या अधिक जवळ असणे यांखेरीज उपाय नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग दिवंगत व्यक्तीच्या तसबिरीचा. घरी लावण्यासाठी मोठे चित्र हवे असते आणि हाती असते ते मोबाइलच्या संदेशसेवेतून अनेक हातांनी आलेले, १,६०० × १,२०० बिंदूंचे चित्र. संदेशसेवा चित्राचे बिंदू घटवितात व उरलेल्यांचेही दाबन करतात. म्हणून ज्याने ते टिपले त्याच्याकडून मूळ संचिका दस्तऐवज म्हणून मागवून घ्यावी. ती न मिळाल्यास हिशेब असा : तसबीर एरवी दुरून पाहिली जात असली, तरी हार घालताना किंवा काच पुसताना माणूस सु. ६० सेंमी. वर येतोच. त्या अंतरास प्रती इंच सु. १५० बिंदू लागतात. म्हणजे या चित्राची सु. १०½ × ८ इंचांची प्रत निर्दोष ठरावी. दाबनाचे चौकोनी डाग चेहऱ्यावर दिसत असतील, तर तीही लहान करणे भाग पडते. मोठी चौकट हवीच असल्यास प्रतीभोवती रुंद किनार सोडावी. कागदी छायाचित्र उपलब्ध असेल, तर त्याचे मोबाइलने छायाचित्र घेण्याऐवजी स्कॅनर वापरावा. ३ × २ इंचांचे जुने छायाचित्र प्रती इंच ६०० ने स्कॅन केल्यास १,८०० × १,२०० बिंदू मिळतात; याहून वरच्या आकड्यास कागदावरच तपशील फारसा नसतो. निगेटिव्ह सापडल्यास ती नेहमीच श्रेयस्कर : ३५ मिमी. फिल्मची चौकट २,४०० ने स्कॅन केली असता सु. ७७ लक्ष बिंदू हाती येतात.

बिंदू कमी असता संगणकाकडून ते वाढवूनही घेता येतात. जुन्या रीतीत शेजारच्या बिंदूंची सरासरी घेत असल्याने चित्र मऊ पडते, पण खोटे होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित नव्या साधनांची गोष्ट वेगळी आहे. ती शिकलेल्या असंख्य चित्रांवरून अंदाज बांधून पापण्या, केस, त्वचेच्या सुरकुत्या भरतात. झाडाच्या पानांत हे खपते. चेहऱ्यात मात्र नाकाची ठेवण किंवा ओठांची कड किंचित बदलली, तरी घरच्यांस ती व्यक्ती अनोळखी वाटू लागते. असे चित्र छापण्यापूर्वी त्याची मूळ चित्राशी ताडणी त्या व्यक्तीस जवळून ओळखणाऱ्याने करावी, आणि पूर्ण आकाराची प्रत काढण्याआधी फक्त चेहऱ्याचा भाग अंतिम आकारात त्याच कागदावर छापून, भिंतीवर टेकवून दोन्ही अंतरांवरून पाहावा.