कर्मावाचून अडलेलं वाक्य

बी.ए. झाल्यावर पहिल्या मुलाखतीत मला इंग्रजीत विचारलं गेलं, प्रवास कसा झाला? मी म्हणालो, 'आय एन्जॉइड.' समोरचे गृहस्थ वाट पाहत राहिले. त्यांच्या लेखी वाक्य अजून संपायचं होतं. माझ्या लेखी संपलं होतं. आपल्याकडे 'मजा आली' म्हटलं की भागतं. प्रमाण इंग्रजीत 'एन्जॉय'ला कर्म लागतं : 'आय एन्जॉइड इट'. नुसतं 'एन्जॉय!' चालतं ते आग्रहापुरतं.

अर्थावरून अंदाज बांधावा तर फसगत होते. खाण्याचीच तीन क्रियापदं घ्या. 'ईट' कर्मासह चालतं, कर्माशिवायही. 'डिव्हावर' म्हणजे फस्त करणं. काय फस्त केलं, ते सांगावंच लागतं. 'डाइन' म्हणजे जेवणं. पदार्थाचं नाव घ्यायचं तर मध्ये 'ऑन' हवा. उलट 'डिस्कस'ला कर्म थेट जोडतात. आपण 'विषयावर' चर्चा करतो, म्हणून तिथं उगाच 'अबाउट' घुसवतो.

मराठीत 'तिने भाकरी खाल्ली', पण 'ती जेवली'. हा 'ने' कुठं लावायचा, ते कान सांगतो. इंग्रजीत कर्त्याला अशी खूण नाही. म्हणून शब्दकोशात अर्थाबरोबर सकर्मक की अकर्मक, हेही पाहावं.

ती नोकरी मिळाली नाही. कारणं इतरही असतील. पण मुलाखती घेणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं : अर्ध्यावर थांबलेला मुलगा अडाणी नसतो, त्याचं वाक्य मराठीत पुरं झालेलं असतं.