कमी पैशांतला प्रोसेसर

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दुकानांच्या दाराशी तयार कॅबिनेट एकावर एक रचलेली असतात. त्यावर चिकटवलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी. खाली भाव, आणि तो नवा बोर्ड नि नवा प्रोसेसर घ्यायला गेलं तर लागतील त्यापेक्षाही कमी. प्रोसेसर कुठल्या सालचा, हे मात्र त्या कागदावर नसतं.

शेजारच्या वहिनींसोबत मी तिथे गेलो होतो. त्या घरी डीटीपी करतात. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, आणि पावसाळा सरता सरता एका दिवाळी अंकाची पानं. कोरल, श्री-लिपी, ब्राउझर, एवढंच काम. बजेट बेताचं, त्यामुळे त्यांची नजर साहजिकच त्या आय-फाइव्हवर गेली. दुकानदाराला पूर्ण क्रमांक विचारला, तर त्याने काही न लपवता मशीन चालू करून दाखवलं : आय-फाइव्ह २४००.

हा प्रोसेसर जानेवारी २०११मध्ये आला. चार कोर, ३.१ गिगाहर्ट्झ, ९५ वॉट. आपल्या काळात उत्तमच होता. प्रोसेसर सहसा बिघडत नाहीत, म्हणून कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या मशीनमधले असे प्रोसेसर काढून, स्वस्तातल्या नव्या बोर्डावर बसवून पुन्हा विकता येतात. वस्तू खोटी नाही. पण काही अपवाद सोडले तर विंडोज ११च्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. ज्या मशीनवर शाळेच्या परीक्षेचे पेपर टाइप होणार, ते अशा स्थितीत ठेवणं मला पटत नाही.

वहिनींना खरं पटलं ते यूट्यूबमुळे. त्यांचा मुलगा लेक्चर बघतो, म्हणून दुकानदाराने त्या जुन्या मशीनवर एक व्हिडिओ लावला आणि बाजूला टास्क मॅनेजर उघडला. सीपीयूचा आलेख वर चढला आणि वरच राहिला. कारण साधं आहे. आज यूट्यूब ज्या पद्धतीने व्हिडिओ पाठवतं, व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन, ती उलगडण्याची सोय २०११च्या चिपमध्ये नाहीच. मग ते काम कोरना हाताने करावं लागतं. शेजारच्या टेबलावर आय-थ्री १२१०० लावलेला होता. तोच व्हिडिओ तिथे सुरू केला, तर आलेख तळाशीच रेंगाळला. व्हिडिओचं काम आतल्या ग्राफिक्सने उचललं होतं.

हा आय-थ्री २०२२च्या जानेवारीतला. कोर इथेही चारच, पण प्रत्येक कोर एका वेळी दोन धागे सांभाळतो, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये आठ चौकटी दिसतात. वेग ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, वीज कमी लागते, आणि एकेका कोरचं काम त्या जुन्या आय-फाइव्हच्या साधारण दुप्पट. डीटीपीला नेमकं हेच लागतं. कोरलमध्ये नक्षीची पत्रिका सरकवताना पुष्कळदा एकच कोर राबत असतो आणि बाकीचे बसून असतात. तिथे कोरची संख्या वाढवून फारसं काही हाती लागत नाही, एकाचा वेग लागतो.

त्याच्याही खाली पर्याय आहेत. पेंटियम गोल्ड जी७४००, दोन कोर आणि चार धागे. एएमडीचा अ‍ॅथलॉन ३०००जी, तोही तसाच दोन कोरचा, २०१९मध्ये ४९ डॉलरला आलेला. बिलिंगच्या काउंटरला हे पुरतात. पण ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, व्हॉट्सअ‍ॅप आणि कोरल एकदम उघडलं की दोन कोर धापा टाकतात. प्रोसेसरवर वाचलेले पैसे बोर्ड, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेटच्या एकूण बिलात फार मोठे दिसत नाहीत. ते मशीन मात्र घरात सात-आठ वर्षं राहणार असतं. ज्याला पुन्हा लवकर घेणं जमणार नाही, त्यालाच सगळ्यात मंद वस्तू पुढे केली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

आणखी एक अक्षर जपून वाचावं लागतं. दुकानदाराने पहिल्या कोटेशनवर १२१००एफ लिहिलं होतं, थोडा स्वस्त म्हणून. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घातल्याशिवाय मॉनिटरवर काहीही उमटणार नाही. गेमिंगवाल्यांकडे कार्ड असतंच, त्यांना एफ सोयीचा. वहिनींच्या कोटेशनमधून तो खोडायला लावला. एएमडीकडे जी असलेले प्रोसेसर अगदी उलट, ग्राफिक्स हीच त्यांची जमेची बाजू. मुलाला कार्डाशिवाय थोडंफार खेळायचं असतं, तर मी सहा कोरचा रायझन फाइव्ह ५६००जी सुचवला असता. ही ग्राफिक्स आपली मेमरी रॅममधूनच घेतात, म्हणून सोळा जीबीची एक काडी लावण्यापेक्षा आठ-आठच्या दोन लावाव्यात. वेगातला फरक डोळ्यांना दिसतो.

जोडणी करणारा मुलगा विशीतला असेल. बोर्डावरची दांडी उचलली, चौकट उघडली. खाली सोनेरी टाचण्यांचं शेत, एकूण १७००. त्याने प्रोसेसर दोन बाजूंच्या कडांना धरला, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवला आणि नुसता ठेवून दिला. दाबला अजिबात नाही. एक टाचणी वाकली तरी बोर्ड गेला. चौकट मिटून दांडी खाली आणताना मात्र जोर लागतो, वहिनी दचकल्याच. तेवढ्यात वरचं काळं प्लास्टिकचं झाकण टक्कन उडालं. ते त्याने उचलून बोर्डाच्या खोक्यात टाकलं. ‘‘हे फेकू नका ताई, बोर्ड वॉरंटीत द्यायचा तर हे लागतं.’’ मग पंखा. त्याच्या तळाला पेस्ट लावूनच येते. चार खुंट्या, समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा आवाज यायला हवा. एक वाजली नाही. त्याने बोर्ड उलटून पाहिला, खुंटी वर ओढली आणि पुन्हा बसवली.

प्रोसेसर खोक्यातला घेतला. ट्रेचा, म्हणजे सुटा, थोडा कमी भावात मिळत होता, पण खोक्यातल्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि पंखाही सोबत येतो. पुढे कधी वेग वाढवावासा वाटला, तर बायोस अपडेट करून याच बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय-फाइव्ह बसतो. तोवर ते सेकंडहँड बाजारात उतरलेले असतील. वहिनींनी बिल हातात घेतलं, खोक्यावरचा सिरियल नंबर अंक-अंक जुळवून पाहिला, एक आकडा चुकला होता तो दुरुस्त करून घेतला, आणि मग पैसे दिले.