काचपेटीतील माशांची पिल्ले कशी जगवावीत?

घरातल्या काचपेटीत एखादे दिवशी दगडावर किंवा कुंडीच्या तुकड्यावर अंडी चिकटलेली दिसतात. घरभर आनंद होतो. मुले शेजाऱ्यांना बोलावून आणतात. आठवडाभराने डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी पिल्ले पोहू लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो एकही शिल्लक नसते! राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत काय किंवा नव्या वसाहतींत काय, हौसेने मासे पाळणाऱ्या अनेकांचा हा अनुभव असेल. म्हणून या वेळी त्याच विषयावर चार उपयोगी गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पिल्लांना जपणारे मासे

बहुतेक मासे अंडी टाकून मोकळे होतात. सिक्लिड कुळातील माशांचे तसे नाही. कोंबडी जशी पिल्लांना पंखाखाली घेऊन फिरते, तसे हे नर-मादी पिल्लांचा थवा घेऊन फिरतात. आपल्या परिचयाचा एंजल मासा याच कुळातला. गोव्याकडील मंडळी ज्याला काळुंदर म्हणतात आणि केरळात जो करिमीन म्हणून ताटात येतो, तोही याच कुळातला. केरळ सरकारने २०१० साली त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला.

घरच्या पेटीसाठी या कुळातील दोन लहान जाती आम्ही सुचवू. पहिली नारिंगी क्रोमाइड. ही आपल्याच देशातली, दक्षिणेकडील खाड्यांची व नद्यांच्या मुखांची रहिवासी असून लांबीने साधारण ८ सेंटिमीटर भरते. दुसरी पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिस. हिची मादी नरापेक्षा लहान, पण विणीच्या दिवसांत तिचे पोट जांभळट लाल होते. त्यावरून ती सहज ओळखता येते.

मिश्र पेटीतील अडचण

निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र असले की दिवसा आईबाप पिल्लांची राखण करतात व जवळ येणाऱ्याला पिटाळून लावतात. त्या धावपळीत इतर मासे कोपऱ्यात दबून बसतात, कधी जखमीही होतात. रात्री दिवा मालवला की डाव उलटतो. तळाशी फिरणारे मांजरमासे अंधारात वासावर पिल्ले टिपतात. म्हणजे एकाच पेटीत दोघांचेही हाल होतात.

यावर तीन उपाय आहेत. जागा असेल तर इतर मासेच दुसऱ्या पेटीत हलवावेत. हा उपाय सर्वांत चांगला. ते शक्य नसेल तर पेटीच्या मधोमध बारीक जाळीचा पडदा घट्ट बसवावा. तिसरा उपाय म्हणजे पिल्ले पोहू लागताच त्यांतील काही बारीक नळीने ओढून वेगळ्या लहान पेटीत घ्यावीत व उरलेली आईबापांजवळ राहू द्यावीत.

नारिंगी क्रोमाइडच्या बाबतीत मात्र सगळीच पिल्ले वेगळी काढू नयेत. ही पिल्ले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर टिपून खातात. हे त्यांचे दूधच म्हणा ना! क्रिबेन्सिसच्या पिल्लांना अशी गरज नसते.

नवी जोडी पहिल्या एक-दोन वेळा स्वतःच अंडी खाऊन टाकते. त्याने निराश होऊ नये. पुढे ती सरावते.

पेटी आणि पाणी

पिल्लांसाठी ४५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद-उंच पेटी पुरे. तीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. गाळणी स्पंजाची असावी, कारण मोटारीच्या गाळणीत पिल्ले ओढली जातात. क्रिबेन्सिसला आडोसा आवडतो. कड फुटलेली मातीची कुंडी उलटी ठेवली की झाले.

इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी मिळते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते, ते पिल्लांना घातक होय. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मगच वापरावे. कूपनलिकेचे पाणी आपल्या माळव्यात बहुधा जड असते. नारिंगी क्रोमाइडला ते चालते. क्रिबेन्सिसच्या बाबतीत एक नवल असे की पाणी आम्लधर्मी असेल तर नर पिल्ले जास्त निपजतात.

पाण्याची ऊब २६ ते २७ अंश असावी. आपल्याकडे पौष-माघात रात्रीचा पारा कित्येकदा १० अंशांपर्यंत उतरतो, म्हणून हीटर हवाच.

खाणे : थोडे आणि वारंवार

क्रिबेन्सिसची अंडी सुमारे तीन दिवसांत, तर नारिंगी क्रोमाइडची पाचएक दिवसांत फुटतात. त्यानंतर काही दिवस पिल्ले पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतात. तेव्हा काहीही घालू नये. ती मोकळी पोहू लागली की खाणे सुरू करावे.

सर्वांत चांगले खाणे म्हणजे आर्टेमियाची ताजी पिल्ले. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ घालून त्यात अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी टाकावीत व हवेच्या पंपाने बुडबुडे चालू ठेवावेत. उबदार जागी २४ ते ३६ तासांत ती फुटतात. मग पंप थांबवावा. टरफले वर तरंगतात, पिल्ले खाली जमतात. ती नळीने काढून कापडावर गाळावीत व गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी द्यावीत.

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक देण्याची जुनी रीत आहे. अडचणीच्या वेळी ती चालेल, पण सुईच्या टोकावर राहील इतकाच द्यावा. पिल्ले उपासाने मरतात त्यापेक्षा उरलेले अन्न कुजून पाणी विषारी झाल्याने अधिक मरतात. तळ रोज साफ करावा व एक दशांश पाणी बदलावे.

आपल्या आरोग्याची काळजी

डासांच्या अळ्या हे माशांचे आवडते खाणे खरे, पण त्या घरात मुद्दाम वाढवू नयेत. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. पाण्याच्या बादल्यांवर कापड बांधावे आणि रिकाम्या पेट्या कोरड्या ठेवाव्यात.

हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये. माशांच्या पाण्यातील एका जंतूमुळे त्वचेवर दीर्घकाळ न भरणाऱ्या गाठी येतात. अशी गाठ आल्यास डॉक्टरांना आपण मासे पाळतो हे अवश्य सांगावे. नळी तोंडाने ओढू नये. पेटीत हात घालण्यापूर्वी हीटरचे बटण बंद करावे व नंतर साबणाने हात धुवावेत.

जास्त झालेल्या पिल्लांचे काय?

एका विणीत शंभर-दोनशे पिल्ले सहज होतात. बोटुकलीएवढी झाली की ती ओळखीच्यांना किंवा दुकानदाराला द्यावीत. तलावात मात्र कधीही सोडू नयेत. तिलापिया हा याच कुळातील आफ्रिकेचा मासा १९५२ साली स्वस्त अन्न म्हणून आपल्या देशात आणला गेला. तो तळ्यातळ्यांतून पसरला व देशी माशांच्या मुळावर आला. आपल्या सिरपूर तलावाला व यशवंत सागराला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले आहे. तेथील मासे, पक्षी आणि त्यांवर पोट भरणारे मासेमार यांचा विचार आपणच करावयास हवा.

तेव्हा जितकी पिल्ले सांभाळता येतील तितकीच वाढवावीत. मुलांना खाणे घालण्याचे काम नेमून द्यावे, वहीत अंडी घातल्याची तारीख लिहावयास लावावी. दोन-अडीच महिन्यांत पिल्लांच्या अंगावर रंग उतरतो. तो पाहताना मुलांना झालेला आनंद हीच या खटाटोपाची खरी कमाई.