विसर पडतो? वय म्हणून सोडू नका

आमच्या गोंदियाकडे आजोबा विसरू लागले की घरचे म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी!' मला ही म्हण घातक वाटते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे. पण रोजच्या बाजारातून घरची वाट न सापडणे, जेवून पुन्हा ताट मागणे ही अल्झायमरची लक्षणे असू शकतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभरात सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे. थायरॉईडच्या विकाराने, बी-१२ च्या कमतरतेनेही विसर पडतो. तो औषधाने सुधारू शकतो, म्हणून आधी रक्त तपासा. अल्झायमर मात्र बरा होत नाही. धोका कमी करण्यासाठी रक्तदाब, साखर आटोक्यात ठेवा, खर्रा-बिडी सोडा, रोज चाला. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा. त्याची लाज कशाला?