जुन्या पेट्रोल जीपचे टायमिंग कानाने नको, खुणेवर करा

गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरचे टायर, ट्रॉलीचे हूक, टायरगाडीची बेअरिंगे सगळे बघून होते. राहते ती गोठ्याच्या कडेची जुनी पेट्रोल जीप. बेणे आणि खताची पोती वाहायला मात्र तीच लागते.

मागल्या हंगामात आमच्यातल्याच एका सभासदाला जीपच्या हँडलने उलटा दणका दिला. ऊसतोड फडात आलेली आणि मालकाचे मनगट प्लास्टरमध्ये! जीप नुकतीच टायमिंग करून आणलेली. मिस्त्री तसा जाणता, पण त्याने काम कानाने केले. डिस्ट्रिब्यूटर फिरवत टायमिंग पुढे न्यायचे, चढावर इंजिन टकटक करू लागले की थोडे मागे घ्यायचे. पूर्वीच्या पेट्रोलवर हे भागून जाई. आजचे पेट्रोल सहजी टकटकत नाही. त्यात 2025 पासून देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, म्हणजे आपल्याच उसाचा त्यात वाटा आहे. टकटक ऐकू येईतो टायमिंग भलतेच पुढे गेलेले असते. मग पिस्टन वर पोचायच्या आतच भडका उडतो आणि हँडल उलटे फिरते.

म्हणून सभासद बंधूंनो, खूण बघा. आपल्या भागात जास्त दिसणारे जीपचे चार सिलिंडरचे, 134 घनइंची हरिकेन इंजिन घेऊ. त्याची फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, प्लगची फट 30 थाउ, पॉइंटची फट 20 थाउ आणि टायमिंग वरच्या टोकाच्या 5 अंश अगोदर. आधी पॉइंट, मगच टायमिंग. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकते, म्हणून उलट क्रमाने केलेले काम फुकट जाते.

रेडिएटरकडचा पहिला प्लग काढा, भोकावर बोट धरा आणि दुसऱ्या माणसाला हँडल हळू फिरवू द्या. बोटाला हवा ढकलू लागली की पुलीची खाच 5 अंशांच्या खुणेवर आणा. (खूण बहुधा गंज आणि ग्रीसखाली असते. डिझेलच्या बोळ्याने पुसून खडू लावा.) कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्यूटरमधून काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवा. आता बॅटरीच्या व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. एक टोक डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक वायरीला, दुसरे इंजिनाच्या लोखंडाला. स्विच चालू करून क्लॅम्प सैल करा. रोटर फिरतो त्या दिशेने डिस्ट्रिब्यूटर फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने केसभर केसभर आणा. बल्ब लागला त्या क्षणी थांबा, क्लॅम्प आवळा. झाले टायमिंग. आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, खालून वर ओढा.

स्लो लावायचे ते इंजिन तापल्यावर, चोक पूर्ण आत. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने बसवा (जोर केलात तर सुईच्या टोकाला खाच पडते) आणि दीड फेरा बाहेर घ्या. इंजिन सर्वांत सरळ चालेल तिथे तो ठेवा, मग थ्रॉटलच्या स्क्रूने वेग मिनिटाला 600 फेऱ्यांवर आणा. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, त्यामुळे मिश्रण फिके पडते. स्क्रू पूर्वीपेक्षा थोडा जास्त बाहेर लागला तर कार्ब्युरेटरला दोष देऊ नका. स्लो मुद्दाम चढवून ठेवायची खोडही बरी नव्हे. डिस्ट्रिब्यूटरची वजने उघडतात, टायमिंग पुढे जाते आणि लाइट लावून तपासले तरी चूक दिसत नाही. जेटमध्ये सुई खुपसून भोक मोठे करणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या जीपा पुढे कधी सरळ चालल्या नाहीत.

पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात. हंगामाआधी त्या हाताने दाबून बघा, चिकट किंवा मऊ लागल्या तर बदला. जीप पावसाळाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाका. इथेनॉल ओल धरते आणि पाणी तळाशी बसते.