चर्चगेटला उतरून चालत

परभणीच्या माणसाने कूपरेजच्या फुटबॉल मैदानाबद्दल जीव टाकून बोलावं, याचं मुंबईच्या मित्रांना हसू येतं. त्यांना मी एवढंच सांगतो, की तुमचा रोव्हर्स कप आमच्या राज्याने सलग पाच वर्षं उचलून नेला होता. १९५० ते १९५४. आमचं राज्य म्हणजे हैदराबाद. १९५६ मध्ये राज्यांची फेरमांडणी होईपर्यंत परभणी हा त्याच राज्यातला जिल्हा होता, आणि त्या पाच वर्षांत कूपरेजवर भल्याभल्यांना धूळ चारणारा संघ होता हैदराबाद सिटी पोलिसांचा.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहत. निझामाच्या शाळेत उर्दूत शिकलेले. संध्याकाळी ओट्यावर बसून ते नूर, अझीझ, मोईन ही त्या संघातली नावं अशी घेत, जणू ही मंडळी शेजारच्या ठाण्यात ड्यूटीवर आहेत. हैदराबादचं वर्तमानपत्र शिळं होऊनच हाती पडायचं, तरी फायनलचा निकाल ते मोठ्याने वाचून दाखवायचे म्हणे. कूपरेज त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण मैदानाच्या कोणत्या बाजूला झाडं आहेत, हे मला त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं.

त्या संघाचा गुरू सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. ‘मैदान’ या २०२४ च्या सिनेमामुळे आता अनेकांना तो ठाऊक झालाय, पण सिनेमा भारतीय संघात रमला. माझं प्रेम त्याच्या पोलीस संघावर. रहीमसाहेब पोरांच्या अशा स्पर्धा घ्यायचे, की चेंडू फक्त कच्च्या पायाने मारायचा. उजव्याने खेळणाऱ्याने डावाच वापरायचा. दुसऱ्या स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी, म्हणजे चेंडू आला की लगेच साथीदाराला द्यायचा. वैयक्तिक कसब दाखवून टाळ्या घेण्याच्या त्या काळात हा माणूस झटपट पास शिकवत होता. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांतलं सुवर्ण आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक ही त्याच शिकवणीची फळं. मेलबर्नला ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा मात्र मुंबईच्या मैदानांवर घडलेला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

रोव्हर्स कपचा इतिहास थोडक्यात उरकतो. १८९१ मध्ये सुरुवात. पहिली पन्नासेक वर्षं बहुतेक गोऱ्या पलटणींचं राज्य. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने पहिल्यांदा देशी हातात कप आणला. पुढे कलकत्त्याचे संघ, हैदराबाद, मुंबईच्या कंपन्यांचे संघ. संगीतकार सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे चाहते, गायक मन्ना डे मोहन बागानचे. कलकत्त्याचे संघ मुंबईत आले की दोघांची जुंपायची, असे किस्से आहेत. २०००-०१ नंतर स्पर्धा बंदच पडली.

तर असं हे मैदान. ओव्हलच्या दक्षिण टोकाशी, मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर. मुंबईला कामासाठी गेलो की मी तिथे डोकावतोच. शेवटचं पाहिलं तेव्हा भर दुपारी स्थानिक लीगचा सामना चालू होता. कृत्रिम हिरवळीतले रबराचे काळे दाणे कडेला बसलेल्यांच्याही चपलांत शिरत होते. प्रेक्षकांत खेळाडूंच्या आया, दोन-तीन निवृत्त अंकल आणि डबा खाऊन आलेले ऑफिसातले लोक. एका अंकलनी विचारलं, ‘‘कुठून आलात?’’ परभणी म्हटल्यावर म्हणाले, ‘‘तिकडे फुटबॉल आहे?’’ मी रहीमसाहेबांपासून सुरुवात केली. हाफ टाइम संपला तरी माझं चालूच होतं.

पण अशा मैदानाला व्यावसायिक क्लबने घर मानावं का? जेमतेम काही हजारांची बसायची सोय, वाढायला जागा नाही, भोवती वारसा जपलेल्या इमारती. २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रात झाला, त्यासाठी निवडलेली मैदानं नेरूळ, अंधेरी आणि बालेवाडी. यादीत कूपरेज नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

मुंबई एफसी नावाचा क्लब २००७ मध्ये निघाला. कूपरेजचं काम निघाल्यावर त्याचे ‘घरचे’ सामने काही हंगाम पुण्याच्या बालेवाडीत होऊ लागले. मुंबईचा क्लब, घर पुण्यात! परळच्या पोराने संध्याकाळचा सामना बघायला एक्स्प्रेसवे पार करायचा? प्रशिक्षक खालिद जमीलने मर्यादित पैशांत हा संघ बरीच वर्षं वरच्या पायरीवर टिकवला, हे कौतुकाचंच. क्लब नंतर कूपरेजला परतलाही, पण तोवर लोकांची सवय मोडली होती. २०१७ मध्ये तो खाली घसरला आणि विझला. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडने गाशा गुंडाळला होता, राष्ट्रीय लीग जिंकून चारच वर्षं झालेली असताना. दोन्हींमागे पैशांची कारणं असणारच. पण प्रेक्षकाला दीडशे किलोमीटर लांब नेणं हे मला मुंबई एफसीच्या आजारातलं मोठं दुखणं वाटतं.

आता जरा क्रिकेटकडे वळतो, कारण याचं उलट उदाहरण तिथेच, कूपरेजच्या शेजारी आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ चं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईचं क्रिकेट म्हणजे ब्रेबॉर्न, इतकं ते घट्ट नातं. पण मालक क्लब आणि भाडेकरू मुंबई क्रिकेट असोसिएशन, त्यामुळे तिकिटांच्या वाट्यावरून सतत धुसफूस. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, क्लबकडे विजय मर्चंट. दोघेही मागे हटणारे नव्हेत. वानखेड्यांनी सरळ दुसरं स्टेडियम बांधायला घेतलं. शशी प्रभूंनी आराखडा केला, काम वर्ष-सव्वा वर्षात उभं राहिलं आणि जानेवारी १९७५ मध्ये क्लाइव्ह लॉइडने तिथल्या पहिल्याच कसोटीत नाबाद २४२ ठोकल्या. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. एवढं सुंदर मैदान असताना किलोमीटरभरही अंतर नसलेल्या जागी दुसरं कशाला? मला तर त्या निर्णयाची गंमत याच अंतरात दिसते. गर्दी आधीही चर्चगेटला उतरायची, नंतरही चर्चगेटलाच उतरत राहिली. फक्त वळण बदललं. विरारहून येणाऱ्याचा पास तोच, वडापावची गाडी तीच. घर बदललं, मोहल्ला बदलला नाही.

युरोपातही मला हेच दिसतं. आर्सेनलने १९१३ पासूनचं हायबरी २००६ मध्ये सोडलं, पण नवं साठ हजारांचं मैदान त्याच वस्तीत, चालत जाण्याइतकं जवळ. कुरकुर झाली आणि निवली. वेस्ट हॅमने २०१६ मध्ये एकशे बारा वर्षांचं घर सोडून ऑलिंपिकचं स्टेडियम धरलं. तिथल्या प्रेक्षकांची तक्रार अजून ऐकू येते, कारण धावपट्टीसाठी बांधलेल्या जागेत खेळाडू लांब राहतात आणि जुन्या रस्त्यावरचे पब मागे पडले. एव्हर्टनचं प्रकरण ताजं. १८९२ चं गुडिसन पार्क त्यांच्या पुरुष संघाने २०२५ मध्ये सोडलं आणि गोदीकाठचं त्रेपन्न हजारांच्या आसपासचं मैदान गाठलं. पण गुडिसन पाडलं नाही. ते महिला संघाला दिलं.

आणि आता कोल्हापूर, ज्याच्याशिवाय महाराष्ट्रातल्या फुटबॉलवर लिहिणं म्हणजे मीठ विसरणं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. या सगळ्या संघांचं रणांगण एकच, शाहू स्टेडियम. मी गेलो तेव्हा गॅलरीत जागा मिळेना. शेवटी एका काकांनी मांडीवरचं हेल्मेट सरकवून बूड टेकण्यापुरती जागा केली, भडंगाचा पुडा पुढे केला आणि पहिला प्रश्न टाकला, ‘‘कुणाकडनं?’’ मी म्हटलं, कुणाकडनंच नाही, परभणीहून आलोय. त्यांना ते पटलं नाही. ‘‘असं बसता येत नाही हितं,’’ म्हणाले, आणि मला त्यांच्या तालमीचा करून टाकलं. खाली हलगी कडाडत होती. दुकानाचं शटर अर्धं ओढून ते आले होते. सामना संपला की परत जाऊन उघडणार. खेळाडूही त्यांच्याच पेठेतले. फाउल झाला की काका त्या पोराच्या आजोबांचा उद्धार करत.

शाहू स्टेडियमच्या गैरसोयी मलाही दिसल्या. हुल्लडबाजीही होते, ती लपवण्यात अर्थ नाही. तरी उद्या कुणी म्हणालं, की शहराबाहेर पंचवीस हजारांचं चकचकीत मैदान बांधून सगळं तिकडे हलवू, तर मी विरोधात मत देईन. अर्ध्या शटरवाला प्रेक्षक तिकडे पोचणार नाही. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पोरांना वेड लागतं ते घराजवळच्या गोंगाटातून, असं माझं ठाम मत आहे.

मुंबई सिटी एफसीचं काय, असं विचाराल. २०१४ मध्ये हा क्लब नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सुरू झाला. पन्नास हजारांवर खुर्च्या, पण बऱ्याच रिकाम्या. २०१६ पासून अंधेरीच्या शहाजीराजे भोसले संकुलात आला, जिथे आठेक हजारांत छप्पर उडवणारा आवाज होतो. मग २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग आली. अंधेरी आशियाई नियमांत बसेना, म्हणून दोन सामने बालेवाडीत आणि अल हिलालविरुद्धचा नेरूळला. अल हिलालकडून नेमार येणार म्हणून लोकांनी तिकिटं घेतली; तो गुडघ्याच्या दुखापतीने आलाच नाही, आणि मुंबई ०-२ हरली.

माझा हिशोब असा: वर्षातल्या दोन-तीन मोठ्या रात्री खुशाल नेरूळला न्याव्यात, रोजचा संसार अंधेरीतच ठेवावा. आणि कूपरेज? एव्हर्टनने केलं तेच करावं. मुंबईतले महिला लीगचे आणि शालेय स्पर्धांचे अंतिम सामने तिथे घ्यावेत, संध्याकाळी सहानंतर, ऑफिसं सुटल्यावर, तिकीट वीस रुपये. मंत्रालयातून सुटलेली निम्मी माणसं नाहीतरी त्याच बाजूने चालत स्टेशन गाठतात.