चालू संगणकातील मेमरी: ब्लॉक केवढा असावा?

मोठा सर्व्हर बंद न करता त्याची मेमरी वाढवता किंवा काढता येते. लिनक्स कर्नल हे काम ठरावीक आकाराच्या ब्लॉकने करतो. ६४-बिट इंटेल व एएमडी यंत्रांवर ब्लॉक किमान १२८ एमबीचा असतो. मोठ्या यंत्रांवर तो २ जीबीपर्यंत जातो. १ टीबी मेमरीचे १२८ एमबीने ८,१९२ ब्लॉक होतात, २ जीबीने केवळ ५१२. नोंदी कमी, सांभाळणे सोपे. पण ब्लॉक काढताना त्यातली सगळी माहिती दुसरीकडे हलवावी लागते. कर्नलचे न हलणारे ४ केबीचे एक पान जरी आत असले, तरी अख्खा ब्लॉक अडतो. मोठ्या तुकडीतला एक कॅडेट जागचा हलला नाही, तर सगळी तुकडी खोळंबते, तसेच हे. म्हणून मेमरी पुढे परत काढायची असेल, तर लहान ब्लॉक बरा.